आली म्हणायचं नाही

महिपती होडग्यांच्या घरात गेल्या कित्येक वर्षांत एकही कप फुटला नव्हता. बाहेरच्या माणसाला यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही. पण फळीवरचे ते धडधाकट कप बघितले की शर्वरीला कसंतरी व्हायचं.

त्याचं असं आहे. महिपती, म्हणजे शर्वरीचे वडील, आबा, उमेदीची सगळी वर्षं लाइनमन होते. खांबावर चढलेल्या माणसाच्या लेखी जगात एकच शब्द महत्त्वाचा, आणि तो म्हणजे ‘आली’. लाइट आली! खालच्या जोडीदाराच्या तोंडून तो शब्द निघाला की विचार करायचा नाही, विचारायचं नाही, हातात असेल ते सोडायचं आणि तारेपासून लांब व्हायचं. आबांच्या हातांनी हा धडा इतका पाठ केला होता की जमिनीवर आल्यावरही ते तो विसरत नसत. घरी निवांत चहा पीत बसलेले असायचे, गेलेली लाइट परत यायची, गल्लीतली पोरं ‘आलीऽऽ’ म्हणून गलका करायची आणि आबांचा हात आपोआप उघडायचा. कप खाली. शर्वरीची आई फडकं घेऊन धावायची आणि म्हणायची, “हा माणूस हाय का बटण?”

मग मीठपेट्या आल्या. बॅटऱ्यांमध्ये पूर्वी लिथियम असायचं. ते महाग, मोजक्या देशांत सापडणारं. त्याच्या जागी सोडियम वापरायची युक्ती पक्की झाली, आणि सोडियम काय, मिठात हवं तेवढं आहे. ही बॅटरी वजनाला जड, त्यामुळे मोटारवाल्यांनी तिला नाकं मुरडली. पण घराच्या कोपऱ्यात बसून राहणाऱ्या पेटीला कुठे पळायचं असतं? बघता बघता घरोघरी शिवणयंत्राएवढ्या पेट्या बसल्या. बाहेरची लाइट गेली की पेटी पापणी लवायच्या आत घराचा भार उचलते, पंखासुद्धा अडखळत नाही. दोन-तीन दिवस घर चालतं. लाइट गेली कधी आणि आली कधी, हे कुणाला कळेनासंच झालं.

लोक सुखी झाले, यात वाद नाही. फक्त ‘आली’ म्हणून ओरडायचं कारण संपलं. पोरांना ती आरोळीच माहीत नाही. आई त्याआधीच आजारपणात गेली होती. आबांचे कप शाबूत राहिले.

शर्वरीला लाइनमनच व्हायचं होतं. लाइनवुमन म्हणा हवं तर. गावात दोन्ही शब्द ऐकून लोक सारखेच हसत. आबांनी तिला नाही म्हटलं नाही आणि हो म्हणूनही नाचले नाहीत. “कुठं शिकणार ते नीट बघून ठरीव,” एवढंच म्हणाले.

ठरवायला दोनच जागा होत्या. एक पुण्याचं एकल केंद्र, एकट्याने काम करणारे लाइनमन घडवणारं. शिक्षण सहा महिन्यांचं, पोशाख त्यांचा, शिकून बाहेर पडल्याबरोबर नेमणूक, तीही स्वतःच्या तालुक्यात. दुसरी रानदऱ्याची तारशाळा, घाटाच्या तोंडावर, जुन्या कौलारू इमारतीत. तिथे दोन वर्षं घासायची आणि पुढे नेमणूक कुठल्या तरी आडदरीत. तारशाळेची शेवटची तुकडी चार-पाच महिन्यांनी भरणार होती आणि तिची एक अट होती: एकट्याला प्रवेश नाही. एक वर चढणार, एक खाली उभा राहणार, दोघं मिळून शिकणार. जोडीदार स्वतःचा स्वतः आणायचा.

शर्वरीचं मन तारशाळेकडे ओढत होतं. पण जोडीदार आणायचा कुठून? वर्गातल्या मैत्रिणी बेळगाव, पुणे, बंगळूर अशा पांगलेल्या. एकीने “खांबाखाली उभं राहायचं? दोन वर्षं?” असं विचारून मनापासून हसून घेतलं. चुलतभावाने आधीच एकल केंद्रात नाव घातलं होतं. आबांचे जुने जोडीदार अब्बासकाका मुजावर सांगलीला लेकाकडे गुडघे धरून बसलेले. त्यांनी फोनवर “मी येतो की गं,” म्हणून तिला हसवलं तेवढंच. आपण हाक मारली तर धावत येईल असं आबांखेरीज जगात कुणी नाही, हे त्या आठवड्यात शर्वरीला पहिल्यांदा नीट कळलं, आणि कळल्यावर ती पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडून आली.

मग तिने पुण्याला नाव घातलं.

*

एकल केंद्रात कुणी कुणाशी भांडत नसे, कारण बोलतच नसे. प्रत्येकाला वेगळी खोली, वेगळा सराव-खांब आणि एक पोशाख. त्या पोशाखाचं कौतुक करावं तेवढं थोडं. तारेत वीज असली की तिच्याभोवती विद्युतक्षेत्र असतं. वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते, तसं ते क्षेत्रही हेलकावे खातं. पोशाखाच्या कापडात विणलेले बारीक धागे तो हेलकावा हातभर अंतरावरूनच ओळखत. तारेला हात लावायची गरजच नाही. टोपीच्या आत एक आवाज असायचा, बाईचा, शांत. त्याचं नाव ‘सोबत’.

“हा पोशाख का लागतो ते समजून घ्या,” ठोंबरे मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या. त्या केंद्राच्या मुख्य शिक्षिका होत्या आणि त्याआधी बरीच वर्षं कोयनेच्या खोऱ्यात एकल लाइनमन म्हणून काम केलेल्या. “पूर्वी वीज एकाच दारातून यायची. सबस्टेशनमधून. तिथे बंद केली की तार मेली. आता प्रत्येक घरात पेटी आहे. बाहेरची वीज गेली की पेटीने स्वतःला तारेपासून तोडून घ्यायला हवं, आणि बहुतेक पेट्या तोडतातही. पण एखादी जुनी पेटी तोडत नाही. मग घरातली वीज उलटी तारेत येते. म्हणजे जितकी घरं तितकी दारं. खाली उभा राहिलेला एक माणूस किती दारांवर लक्ष ठेवणार? नाही ठेवू शकत. बरोबर?”

त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेल्या. ही त्यांची सवय होती. एवढी वर्षं खोऱ्यात एकटीने काढल्यावर आपल्या प्रश्नाला कुणी उत्तर देईल, ही आशा त्यांनी सोडून दिली असावी.

“आता दुसरी गोष्ट. कान.” त्यांनी टोपीच्या दोन्ही बाजूंची जाड झाकणं दाखवली. “काम करताना ही बंद. का? कारण जुने अपघात तपासले तेव्हा असं दिसलं की पुष्कळांच्या मुळाशी माणसाचा आवाज आहे. चुकीचं ऐकलेलं, चुकीच्या वेळी ऐकलेलं. एक तर फारच मजेदार उदाहरण आहे.”

पडद्यावर एक खांब आला. डोंगराकडेचा, वळणावरचा, शेजारी फणस. शर्वरीने तो लगेच ओळखला. तो तिच्या घराशेजारचा खांब होता.

“आजरा तालुक्यातला हा लाइनमन,” ठोंबरे मॅडम सांगू लागल्या, “कमरेचा पट्टा सोडून दुसऱ्या बाजूला बांधत होता. त्याच वेळी त्याची मुलगी घरी आली. बायको खालून आनंदाने ओरडली, ‘आली!’ याला वाटलं लाइट आली. गडी दोन्ही हात सोडून मोकळा.”

वर्ग खो खो हसला. शर्वरीही हसली, कारण गावातही सगळे याच्यावर हसतच आले होते. ‘पोरगी वर आली नि बाप खाली आला’ असं चिडवत. ती तेव्हा चौथी संपवून पहिल्यांदाच वसतिगृहात राहायला गेली होती आणि दिवाळीला घरी येत होती. वळणावर तिने आईला बघितलं, आईने तिला बघितलं, आणि पुढचं तिला अब्बासकाकांच्या किंचाळीने आठवतं: “न्हाई, महिपती, न्हाई! पोरगी आली, पोरगी!” तोवर आबा जमिनीवर होते. मांडीचं हाड मोडलं ते नीट सांधलंच नाही. आबा पुन्हा कधी खांबावर चढले नाहीत.

त्यानंतर साऱ्या तालुक्यात लाइनमनच्या बायकांनी एक पथ्य पाळलं. खांबाजवळ कुणीही, काहीही आलं तरी ‘आली’ म्हणायचं नाही. एसटी पोचली, म्हैस पोचली, सासू पोचली.

“या माणसाचे कान झाकलेले असते तर तो आजही काम करत असता,” ठोंबरे मॅडम म्हणाल्या. “बरोबर?”

त्या दिवसापासून शर्वरी कान झाकून काम करायला शिकली. आणि खरं सांगायचं तर तिला ते छान जमलं.

*

तीन महिन्यांनी चाचणीचा महिना आला. प्रत्येकाला एक खोरं आणि एक छोटी गाडी. हा महिना नीट पार पडला की कानांची झाकणं कुलूपबंद होणार, म्हणजे पोशाख अंगावर असेपर्यंत ती उघडणारच नाहीत, आणि प्रवेश कायम होणार. शर्वरीला आपल्याच भागातलं खोरं मिळालं.

कामाला तोटा नव्हता. कुठे फांदी पडलेली, कुठे चिमणीचं घरटं, कुठे माकडांनी लोंबकळून तारा ताणलेल्या. ती चढायची, ‘सोबत’ सांगायची, “क्षेत्र शून्य, तार मृत, काम सुरू ठेवा.” ती काम करायची. उतरायची. खाली अख्खं गाव असायचं, पण कुणी मान वर करून बघत नसे. बघायचं कारणच नव्हतं. लाइट गेलेली त्यांना कळली नव्हती, मग आलेली कशी कळणार? एकदा तिने दिवसभर खपून तुटलेली लाइन जोडली आणि उतरून एका दारात पाणी मागितलं, तर बाईने विचारलं, “कसला सर्व्हे हाय?”

आबांच्या वेळी असं नव्हतं. आबा एका खांबावरून उतरले की तीन घरांतून चहा यायचा. शिव्याही यायच्या, उशीर झाला म्हणून. शर्वरीला आता त्या शिव्यांचाही हेवा वाटू लागला. गाडीत बसून ती डबा खायची आणि ‘सोबत’शी बोलायचा प्रयत्न करायची. “आज ऊन फार आहे नाही?” ती म्हणायची. “तापमान सुरक्षित मर्यादेत आहे,” ‘सोबत’ म्हणायची. यात चूक काहीच नव्हती.

मग शर्वरीने एक नियम मोडायला सुरुवात केली. वर चढल्यावर ती एका कानाचं झाकण थोडंसं सरकवायची. कशासाठी म्हणाल तर कशासाठीच नाही. वारा ऐकू यायचा, लांब कुणीतरी कपडे आपटायचं, एखादं पोर रडायचं. तेवढ्यावर तिचा दिवस जायचा.

अशीच एकदा ती धनगरवाड्यावर गेली. खोऱ्याच्या अगदी टोकाला, गाडी सोडून चढणीने चालत जावं लागणारा हा वाडा. चार घरं, तीन रिकामी. तार ओढ्याच्या वरच्या खांबापाशी निखळली होती. शर्वरी चढली. पट्टा बांधला. झाकण सरकवलं.

“क्षेत्र शून्य,” ‘सोबत’ म्हणाली. “तार मृत. काम सुरू ठेवा.”

शर्वरीने तारेचं टोक हातात घेतलं. त्याच क्षणी खालून, ओढ्यावरून, समोरच्या डोंगराला धडकून परत येईल अशी हाळी उठली.

“आलीऽऽऽ! आली रं बाबाऽऽऽ! आलीऽऽऽ!”

शर्वरीचे हात उघडले. तिने ते उघडले नाहीत, ते आपोआप उघडले. पायांनी खांबाला लाथ मारली आणि ती उलटी पाठीवर हवेत गेली. पट्ट्याने कचकन धरलं. टोपी घरंगळून खाली ओढ्यात पडली आणि ‘सोबत’ पाण्यात “क्षेत्र शून्य, क्षेत्र शून्य” म्हणत राहिली.

पोशाखाचंच बरोबर होतं. तारेत वीज नव्हतीच. केंद्रात कुणी तिला ‘आली’ ऐकून हात सोडायला शिकवलं नव्हतं. लहानपणी ज्या घरात कप फुटताना बघितले, त्या घराने ते शिकवलं होतं.

डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत तिला दिसलं की एक तरणी मुलगी कमरेला विळा खोचून खांबाकडे धावत येते आहे.

“अगं बया! पडलीस का? काय झालं गं ताई?”

“तू... तू ‘आली’ म्हणालीस.”

“व्हय! तू आलीस न्हवं? लाइटवाली आली, म्हणून बाबाला हाळी दिली. त्यो पलीकडं शेरडं घेऊन गेलाय.” ती धापा टाकत म्हणाली. “आमची पेटी बिघडून लई दिस झालं. अंधारातच हाय आमी. कितीदा कळवलं, कोण फिरकंल तर शप्पत. तू दिसलीस, मला काय ऱ्हावलं न्हाई.”

तिचं नाव सगुणा झोरे. वाड्यावर ती आणि तिचा बाप, दोघंच. बाकीची घरं खाली उतरून गेलेली. बाप दिवसभर शेरडांमागे. मग बोलायला शेरडंसुद्धा नाहीत, असं ती हसत म्हणाली. पण हसताना तिने दुसरीकडे बघितलं. शर्वरीला ते बघणं चांगलंच ओळखीचं होतं.

शर्वरीने टोपी वाळत घातली आणि टोपीशिवायच, सबस्टेशनला फोन करून बंदची खात्री करून, तारेला जमिनीशी जोडणारी साखळी टाकून, अगदी आबांसारखं काम केलं. सगुणाला तिने खाली उभं केलं. “माझ्याकडं बघत ऱ्हा. घराकडंबी बघ. काय वेगळं दिसलं तर ओरड.”

“काय ओरडू?”

“आली म्हण. पण लाइटच आली तर. दुसरं कोण आलं तर पोचली म्हणायचं.”

“वाघ आला तर?”

“वाघ पोचला म्हण.”

दोघी इतक्या हसल्या की शर्वरीला खांबाला मिठी मारून थांबावं लागलं. काम संपवून, साखळी काढून ती उतरली आणि सबस्टेशनला ‘सोडा’ म्हणून सांगितलं. सगुणाच्या घरातला दिवा भर दुपारी लागला. दारात उभ्या सगुणाने दोन्ही हात तोंडाशी नेले.

“आलीऽऽऽ! आता खरी आलीऽऽऽ!”

समोरच्या डोंगरावरून तिच्या बापाची हाळी परत आली. शर्वरी ओढ्याकाठी उभी होती, हात रिकामे. आपण केलेल्या कामाने कुणीतरी असं ओरडलं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

*

पोशाखाने सगळं केंद्राला कळवलं होतं. ठोंबरे मॅडमचा फोन आला तो रागाचा नव्हता, त्यामुळे जास्तच अवघड होता.

“शर्वरी, तुझं काम उत्तम आहे. एवढी एक नोंद सोडून. पट्टा नसता तर काय झालं असतं ते तुला मी सांगायला नको. आवाजाला बळी पडलीस. आपण असं करू, कुलूप आत्ताच लावू. तू हो म्हण, मी ती नोंद चाचणीतली म्हणून सोडून देते. सोमवारपर्यंत कळव. बरोबर?”

आणि नेहमीप्रमाणे त्यांनी फोन ठेवायला हवा होता. पण त्यांनी ठेवला नाही. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, “ती मुलगी खरंच ओरडली? लाइट आल्यावर?”

“हो मॅडम.”

“कशी?”

शर्वरीने जमेल तसं ओरडून दाखवलं. या वेळी मॅडम उत्तर पुरतं ऐकत होत्या.

शर्वरी घरी गेली. आबा ओट्यावर काठी टेकून बसले होते. तिने सगळं सांगितलं. पडद्यावरचा खांब, वर्गाचं हसणं, धनगरवाडा, कुलूप. आबा पडदा-प्रकरणावर मनसोक्त हसले.

“माझा फोटो न्हाई लावला का?”

“आबा, खरं सांगा. कान झाकलेले असते तर तुम्ही पडला नसता.”

“न्हाई पडलो असतो.”

“मग त्यांचं बरोबरच आहे की.”

“बरोबरच हाय. मी कुठं चूक म्हणालो?” आबांनी दुखऱ्या मांडीवरून हात फिरवला. “पर तुझी आई मी वर असताना तोंडातनं अवाक्षर काढायची न्हाई. लग्न झाल्यापासनं. त्या दिवशी तू वळणावर दिसलीस आणि ती सगळं इसरली. येवढी खुशीत मी तिला कधी ऐकली न्हाई, आधी न्हाई, नंतर न्हाई. मांडी गेली ती गेली. पर कान झाकून बसलो असतो तर त्यो आवाज मला मिळाला नसता. आता ह्या ओट्यावर बसून दुसरं काय हाय माझ्याजवळ?”

शर्वरी ओट्यावर त्यांच्या शेजारी टेकली.

“माझं ऐकून ठरवू नगंस,” आबा म्हणाले. “मी म्हातारा, एकटा, मला तू जवळच्या तालुक्यात पायजेस. पुण्याचं घेतलंस तर तू हितंच. रानदऱ्याला गेलीस तर दोन वर्षं मी ह्या फळीवरच्या कपांशी बोलणार. आता बघ तुझं तू.”

दुसऱ्या दिवशी ती धनगरवाड्यावर गेली. सगुणाकडे फोन नव्हता, त्यामुळे जाणं भागच होतं. सगुणाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मी धावी झालीया फकस्त. खालच्याला काय यावं लागतं?”

“आवाज,” शर्वरी म्हणाली. “आणि लक्ष. बाकी दोघी मिळून शिकू.”

“आणि बाबा? शेरडं?” सगुणाने डोंगराकडे बघितलं. “बघते. आली तर आली. वाट बघू नगंस.”

सोमवारी सकाळी शर्वरीने ठोंबरे मॅडमना नाही म्हणून कळवलं. मॅडमनी फार समजावलं नाही. “जोडीदार मिळाली?” एवढंच त्यांनी विचारलं.

“माहीत नाही,” शर्वरी म्हणाली. आणि ते खरं होतं.

*

रानदऱ्याच्या तारशाळेच्या फाटकाशी नावं घेण्याचं काम संपत आलं होतं. जोड्या आत जात होत्या. दोघे भाऊ, एक नवरा-बायको, एकाच गावचे दोन मित्र. टेबलामागच्या कारकुनाने शर्वरीकडे दोनदा बघितलं.

“ताई, तुमची जोडीदार?”

“येणार आहे.”

“शेवटची एसटी फाट्यावर थांबते, तेवढी बघतो. मग दुसऱ्यांचं नाव घ्यावं लागंल.”

शर्वरी फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. पुण्याची जागा सोडलेली, इथली मिळालेली नाही. उद्यापासून ती कुणाचीच नव्हती. घाटातून ढग खाली उतरत होते आणि रस्त्यावर एक कुत्रंसुद्धा नव्हतं. राहवेना म्हणून तिने आबांना फोन लावला. तिकडे भांड्याचा आवाज येत होता.

“चहा करून घेतलाय,” आबा म्हणाले. “बसलोय, आता दोन घोट घेतो. पोचली का तुझी ती?”

“नाही.”

“मग गं?”

“मग काही नाही. उभी आहे.”

कुणीही फोन ठेवला नाही. खाली वळणावर एसटीचा हॉर्न झाला. गाडी फाट्यावर आली, थांबली. एक म्हातारा उतरला, एक पोतं उतरलं. दार लागलं. गाडी निघाली. शर्वरीने डोळे मिटून घेतले.

गाडी पुन्हा थांबली. कंडक्टर काहीतरी ओरडला, आतून कुणीतरी त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडलं, दार उघडलं आणि एक गाठोडं रस्त्यावर येऊन पडलं. गाठोड्यामागून कमरेला पदर खोचलेली सगुणा उतरली. उतरल्या उतरल्या तिने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाळी दिली. काय म्हणाली ते अंतरामुळे आधी नीट कळलं नाही. पण ती ‘आली’ म्हणाली नव्हती, ‘पोचले’ म्हणाली होती. नियम तिच्या ध्यानात होता.

शर्वरीच्या मात्र सगळे नियम डोक्यातून गेले.

“आबा, आली!” ती फोनमध्ये ओरडली. “आली, आबा, आली!”

पलीकडे खळ्ळकन आवाज झाला.

“आबा? कप फुटला?”

“फुटू दे गं,” आबा म्हणाले. “अजून हायत फळीवर. तू परत एकदा म्हण.”